ट्रॉम्बोन घेऊन विद्यापीठात जाताना: काय घ्यायचं, काय लांबणीवर टाकायचं

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात ट्रॉम्बोनच्या पदवीला प्रवेश मिळाला की सत्र सुरू होण्याआधी शिक्षकांकडून एक यादी येते. अमुक बोअरचं (नळीच्या आतल्या मापाचं) वाद्य, तमुक माउथपीस (ओठांना लावायचा भाग), दोन-तीन म्यूट (आवाजाचा पोत बदलायला वाद्याच्या पुढच्या तोंडात घालायची वस्तू), चार-पाच पुस्तकं, ट्यूनर, मेट्रोनोम, कार्यक्रमासाठी काळे कपडे. यादी एका पानात मावते, पण ती पुरी करायला काही हजार डॉलर लागतात. पुण्या-मुंबईहून किंवा गोव्याहून जाणाऱ्या मुलांच्या घरी फी, व्हिसा आणि विमानभाडं या सगळ्यानंतर हा खर्च समोर येतो. मग घाईघाईत नको त्या वस्तूवर पैसे जातात आणि हव्या त्या वस्तूला उरत नाहीत.

माझं सांगणं एकच आहे: पैसे आधी स्लाइडवर, म्हणजे ट्रॉम्बोनच्या पुढे-मागे सरकणाऱ्या लांब नळीवर, घाला. ट्रॉम्बोनला ट्रम्पेटसारखे दाबायचे व्हॉल्व्ह नाहीत. सूर कुठे लागणार हे स्लाइड कुठे थांबते त्यावर ठरतं, आणि ती तिथे वेळेत पोचते की नाही यावर वाजवणाऱ्याची जीभ, श्वास आणि मन तिन्ही अवलंबून असतात. स्लाइड अडखळत असेल तर विद्यार्थी नकळत मनगट आवळतो, खांद्यात ताण येतो आणि चार वर्षांनी तीच सवय मोडायला दुप्पट कष्ट पडतात. नावाजलेल्या कंपनीचा शिक्का, सोनेरी मुलामा, भारीची केस (वाद्याची पेटी) हे सगळं त्यानंतर.

खरेदीआधी एक ईमेल

काहीही विकत घेण्याआधी तुमच्या होणाऱ्या शिक्षकांना लिहा. मला कोणत्या वाद्यवृंदात बसवणार? नेहमीचा टेनर ट्रॉम्बोन वाजवायचा की खालच्या सुरांचा बास? जॅझ बँड सक्तीचा आहे का? कोणते म्यूट विभागाकडून मिळतात? कुलुपबंद कपाट मिळतं का? पहिले काही आठवडे विभागाचं वाद्य वापरायला मिळेल का? असे प्रश्न विचारायला संकोच करू नका, तिथे ते अपेक्षितच असतात. पुष्कळ विभागांकडे आल्टो ट्रॉम्बोन, बकेट म्यूट आणि जड धातूचे म्युझिक स्टँड असतात. ते स्वतः घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

उत्तर कुठल्या प्रकारच्या अभ्यासक्रमाला गेला आहात यावरही ठरतं. युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासने १९४७ मध्ये अमेरिकेतली पहिली जॅझ पदवी सुरू केली. अशा ठिकाणी लहान बोअरचं वाद्य रोज हातात असतं. ऑर्केस्ट्रावर भर असलेल्या विभागात तेच वाद्य आठवड्यातून एकदा केसमधून बाहेर येईल.

वाद्य: बोअर, ट्रिगर आणि तपासणी

बोअर म्हणजे आतल्या स्लाइडच्या नळीचा आतला व्यास. ऑर्केस्ट्रा आणि विंड एन्सेम्बलसाठी (फुंकवाद्यांच्या वृंदासाठी) विद्यापीठात ०.५४७ इंच, म्हणजे जवळपास १३.९ मिलिमीटर बोअरचा टेनर ट्रॉम्बोन लागतो. त्याची बेल, म्हणजे पुढचं पसरट तोंड, साधारण साडेआठ इंचांची असते. जॅझसाठी ०.५०० ते ०.५०८ इंच. बास ट्रॉम्बोनचा बोअर ०.५६२ इंच आणि त्याला सहसा दोन ट्रिगर. मधला ०.५२५ इंचाचा प्रकारही आहे, पण एकच वाद्य घ्यायचं असेल आणि भर शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतावर असेल, तर ०.५४७ सोडून दुसरीकडे वळू नका. बाक कंपनीचं ४२ आणि कॉन कंपनीचं ८८एच ही या मापाची जुनी, सर्वत्र मान्य मॉडेल्स. यामाहा, गेट्झन, शायर्स आणि एडवर्ड्सही या वर्गातली उत्तम वाद्यं बनवतात.

आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये आणि अनेक शाळांच्या बँडमध्ये दिसणारा ट्रॉम्बोन बहुधा लहान बोअरचा, ट्रिगर नसलेला असतो. रस्त्यावर, मोकळ्या हवेत, चालता चालता वाजवायला तो योग्य आहे आणि त्यावर शिकून वर आलेल्या मुलांचं मला फार कौतुक वाटतं. पण ऑर्केस्ट्रात शेजारच्या दोन मोठ्या बोअरच्या वाद्यांशी त्याचा आवाज मिसळत नाही. तो घरी ठेवा, विकू नका. जॅझ बँडमध्ये बसायची वेळ आलीच तर तिथे सुरुवात करायला तो उपयोगी पडेल.

ट्रिगर म्हणजे डाव्या अंगठ्याने दाबायची कळ. ती दाबली की हवा जादा नळीतून जाते आणि बी फ्लॅटचं वाद्य एफमध्ये येतं. मधल्या सप्तकाखालचा सी एरवी सहाव्या पोझिशनला (स्लाइड थांबवायच्या सात जागांपैकी सहाव्या जागी) मिळतो, ट्रिगर दाबला की पहिल्याच पोझिशनला. सातव्या पोझिशनचा बी दुसऱ्याच्या थोडा पुढे मिळतो. हात लहान असलेल्यांसाठी तर ही सोय अत्यावश्यक. मात्र वाद्य एफमध्ये गेलं की पोझिशनमधली अंतरं वाढतात, स्लाइडवर सातऐवजी सहाच मावतात आणि अगदी खालचा बी त्या स्लाइडवर सापडत नाही. त्यासाठी ट्रिगरची ट्यूनिंग स्लाइड बाहेर ओढून घ्यावी लागते. जादा नळीची गुंडाळी दोन प्रकारची असते: आटोपशीर आणि मोकळी. मोकळीत हवा सहज फिरते, पण ती मागे बाहेर निघालेली असल्याने दारांना, खुर्च्यांना आपटते. वसतिगृहात राहणार असाल तर हाही विचार करा.

नवं व्यावसायिक दर्जाचं वाद्य साधारण ३,००० ते ६,००० डॉलरच्या घरात जातं. नीट ठेवलेलं वापरलेलं वाद्य बऱ्याचदा त्याच्या निम्म्यात मिळतं आणि विद्यार्थ्याने तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. फक्त तपासून घ्या. तपासणीला दहा मिनिटं पुरतात.

बाहेरची स्लाइड पूर्ण काढा आणि आतल्या दोन नळ्या खिडकीच्या उजेडात फिरवून बघा. क्रोमचा थर सलग, आरशासारखा हवा. उभे ओरखडे, चट्टे किंवा आतला धातू उघडा पडलेला दिसला तर किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्या. क्रोम पुन्हा चढवणं खर्चिक आणि वेळखाऊ आहे.

मग आतल्या स्लाइडची एकच नळी बाहेरच्या स्लाइडच्या त्याच बाजूच्या नळीत घाला, दुसरी बाजू मोकळी हवेत राहू द्या. हलक्या हाताने वर-खाली करा. नंतर दुसऱ्या बाजूचं तसंच. एखाद्या ठरावीक जागी नळी अडते, तर तिथे पोचा आहे किंवा नळी वाकली आहे. दोन्ही नळ्या एकेकट्या सहज सरकतात, पण एकत्र घातल्यावर घासतात, तर त्या एकमेकींना समांतर राहिलेल्या नाहीत. हे दुसरं दुखणं जाणता कारागीर सपाट दगडी पाट्यावर ठेवून, हाताने दाबत बरं करतो आणि त्याचा खर्च विकणाऱ्याकडून किमतीत वळता करून घेता येतो. असा कारागीर आपल्याकडे सहज सापडत नाही. म्हणूनच वाद्य तिथे पोचल्यावर, शिक्षकांना दाखवून घेणं शहाणपणाचं.

माउथपीसच्या बाजूची नळी आणि मागची ट्यूनिंग स्लाइड यांवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसतात का, तेही पाहा. पितळातलं जस्त निघून गेलं की असे ठिपके पडतात आणि धातू आतून खात चाललेला असतो. ट्रिगर सोडताना खडखडाट होत असेल तर घाबरू नका. रबराचा तुकडा किंवा दोरी झिजलेली असते, ती थोड्या पैशांत बदलून मिळते.

माउथपीस

इथे लोक सर्वांत जास्त उधळतात. पहिलं लक्षात ठेवायचं: मोठ्या बोअरच्या टेनरला मोठ्या शँकचा (वाद्यात बसणाऱ्या टोकाचा) माउथपीस लागतो, लहान बोअरच्या वाद्याला लहान शँकचा. चुकीचा बसवला तर एक तर डुगडुगतो किंवा आतच जात नाही. बाकचा ५जी, २५.५ मिलिमीटर व्यासाचा, हा मोठ्या टेनरसाठी सुरुवातीचा सर्वमान्य माउथपीस. ओठ लहान असतील तर साडेसहा एएल (6½AL) चालतो, त्याचा व्यास २५.४ आहे. शिल्केचा ५१ आणि डेनिस विकचा ५एएलही याच घराण्यातले. बासवाल्यांसाठी बाकचा दीड-जी, २७ मिलिमीटर.

एक घ्या आणि निदान वर्षभर बदलू नका. वरचा सूर लागत नाही म्हणून माउथपीस बदलणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण शंभरातल्या नव्याण्णव वेळा श्वासात असते. माउथपीसचा ब्रश मात्र पहिल्याच दिवशी घ्या. शँकचं टोक खाली पडून चेपलं की आवाज आणि सूर दोन्ही बिघडतात. दुरुस्तीच्या दुकानात ते टोक गोल करून देतात, घरी पक्कड लावू नका.

स्लाइडची निगा

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण याच कामाला पैसे सर्वांत कमी आणि शिस्त सर्वांत जास्त लागते.

आतल्या नळ्यांच्या खालच्या टोकाला काही बोटं लांबीचा भाग किंचित जाड असतो. त्याला स्टॉकिंग म्हणतात. घर्षण खरं तिथेच होतं, त्यामुळे वंगणही तिथेच लागतं. आधी दोन्ही नळ्या मऊ सुती कापडाने कोरड्या पुसा, मग स्टॉकिंगवर मटाराच्या दाण्याहूनही कमी क्रीम बोटाने फिरवा आणि वरून पाण्याचा फवारा मारा. पाण्याचे बारीक गोल मणी दिसले की झालं. तयार द्रव वंगण, उदाहरणार्थ यामाहाचं किंवा स्लाइड-ओ-मिक्स, वापरत असाल तर बाटलीवर सांगितलेल्या क्रमानेच घाला. दोन प्रकार एकत्र करू नका. एक पुसून पूर्ण काढल्याशिवाय दुसरं लावलं की चिकट लगदा तयार होतो. स्लाइड जड झाली म्हणून आणखी क्रीम थापणं हा उलटा उपाय आहे. आधी पुसा.

वाजवण्याआधी तोंड खळखळून धुवा. दुधाचा चहा आणि बिस्कीट खाऊन थेट फुंकलं तर ते सगळं स्लाइडमध्येच जातं. २०१० मध्ये चेस्ट या वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रॉम्बोनवादकाची हकीकत छापून आली होती: वर्षानुवर्षं खोकला, फुप्फुसाला सूज, आणि वाद्यात वाढलेले जंतू व बुरशी. वाद्य नियमित साफ करायला लागल्यावर त्याचा त्रास ओसरला. म्हणून महिन्यातून एकदा वाद्याची आंघोळ ठरलेली हवी.

त्यासाठी टबात कोमट पाणी घ्या. कढत पाण्याने लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक थर, सुटतं. भांडी घासायच्या सौम्य साबणाचे काही थेंब टाका आणि तळाशी टॉवेल अंथरा. लवचीक तारेचा लांब ब्रश बाहेरच्या स्लाइडच्या दोन्ही बाजूंनी वाकापर्यंत नेऊन काढा. आतल्या नळ्या सफाईच्या दांड्यावर मलमलीचं कापड गुंडाळून पुसा. दांड्याचं टोकही कापडाने झाकलेलं हवं, धातू उघडा राहता कामा नये. नळी पुसताना हात त्याच नळीवर धरा. दुसरी नळी धरून जोर लावलात तर दोन्ही नळ्यांमधलं समांतर अंतर बिघडतं, आणि मग वर सांगितलेला कारागीर गाठावा लागतो. कापड फार जाड गुंडाळून आत ठासू नका, अडकलं तर काढणं कठीण. ट्रिगरचा रोटर (कळ दाबल्यावर आत फिरणारा व्हॉल्व्ह) स्वतः उघडायचा नाही. त्याला रोटरचं तेल आठवड्याला दोन-तीन थेंब, ट्यूनिंग स्लाइडला ग्रीस, एवढं पुरे.

घरच्यांसाठी खास सूचना: पितांबरी, चिंच, लिंबू-मीठ, राख यांतलं काहीही लावायचं नाही. देव्हाऱ्यातली पितळेची समई आणि लॅकर चढवलेला ट्रॉम्बोन यांना एकच न्याय लावला तर वाद्याची कांती कायमची जाते.

आणि वाद्य खुर्चीवर, पलंगावर, जमिनीवर आडवं टाकून उठू नका. तीन पायांचा, घडी होणारा ट्रॉम्बोन स्टँड ही चैन नाही. हर्क्युलिस किंवा के अँड एमचा साधा स्टँड घ्या. उभं वाद्य पडू शकतं, पण आडव्या वाद्यावर लोक बसतात. स्लाइडला बारीकसा पोचा यायला तेवढं पुरतं. हातात नसताना स्लाइडचं कुलूप फिरवलेलं असलंच पाहिजे.

रॉचेस्टर किंवा शिकागोसारख्या थंडीच्या गावी जात असाल तर वाद्य रात्री गाडीत ठेवू नका, आतलं पाणी गोठतं. बाहेरून आत आल्यावर दहा मिनिटं श्वास सोडून वाद्य गरम करा. गार ट्रॉम्बोनचा सूर उतरलेला असतो, ट्यूनिंग स्लाइड आत ढकलून तो झाकायचा प्रयत्न करू नका.

म्यूट

पहिल्या वर्षी तीन पुरतात: स्ट्रेट, कप आणि सरावाचा. स्ट्रेट ॲल्युमिनियमचा घ्या, कप सरकवता येणारा. डेनिस विकचे दोन्ही सर्वत्र चालतात. हार्मन आणि बकेट म्यूट जॅझ बँडमध्ये बसवलं तरच. प्लंजर म्यूट म्हणून नळदुरुस्तीच्या दुकानातली, दांडा काढलेली रबरी वाटीच वापरतात, आणि थोर जॅझवादकांनीही तीच वापरली आहे. तिच्यासाठी महागडी वस्तू शोधू नका.

नव्या स्ट्रेट म्यूटच्या तिन्ही बुचाच्या पट्ट्या सहसा जाड असतात. म्यूट नीट आत जात नाही आणि सूर बरोबर लागत नाही. बारीक सँडपेपरने एकेक पट्टी सारख्या प्रमाणात थोडी थोडी घासा, दर वेळी बसवून ट्यूनरवर पाहा. एकदम जास्त घासलं तर बूच परत चिकटवावं लागेल. कार्यक्रमात म्यूट घालायच्या क्षणी बेलमध्ये तोंडाने एक उबदार श्वास सोडा, आत बाष्प जमतं. मग म्यूट घालून किंचित पिळा, सहसा पडत नाही. हळुवार पॅसेजमध्ये ॲल्युमिनियमचा म्यूट लाकडी मंचावर पडला की सगळं सभागृह वळून बघतं. हार्मनचं बूच मात्र सगळीकडून सलग असतं, कारण हवा फक्त त्याच्या मधल्या नळीतून जायला हवी.

सरावाचा म्यूट वसतिगृहासाठी आहे. यामाहाचा सायलेंट ब्रास किंवा साधा हलका कोणताही चालेल. पण रोजचा सगळा सराव त्यातूनच केला तर फुंकर अडवून वाजवायची सवय लागते आणि सुराचा अंदाज चुकतो. सरावखोलीत जागा मिळत असेल तर तिथे जा.

पुस्तकं आणि स्वरलिपी

शिक्षक बदलले तरी चार पुस्तकं बदलत नाहीत. आर्बनची पद्धत, जी मुळात १८६४ ची कॉर्नेटसाठीची. ट्रॉम्बोनसाठीची आवृत्ती घ्या, जोसेफ अलेसी आणि ब्रायन बोमन यांनी संपादित केलेली असेल तर उत्तम. रोशूची गेय सुरावटींची तीन पुस्तकं: बॉस्टन सिंफनीचे ट्रॉम्बोनवादक जोआनेस रोशू यांनी बोर्दोन्यी या गायनशिक्षकाच्या १२० गायनपाठांवरून ती बेतली. पहिलं पुस्तक पुरेसं मोठं आहे, तिन्ही एकदम घेऊ नका. कोप्राश, मूळ हॉर्नसाठीचे ६० अभ्यास. आणि रेमिंग्टनचे रोजचे सराव. एमरी रेमिंग्टन यांनी ईस्टमन स्कूलमध्ये १९२२ पासून १९७१ पर्यंत शिकवलं. त्यांचे लांब सुरांचे पाठ आज अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक सरावखोलीत ऐकू येतात.

आपल्याकडून जाणारे विद्यार्थी मागे पडतात ते क्लेफमध्ये, म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता सूर हे ठरवणाऱ्या स्वरलिपीतल्या चिन्हात. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षामंडळांच्या परीक्षा बऱ्याचशा बास क्लेफमध्ये पार पडतात आणि पहिल्याच ऑर्केस्ट्राच्या तालमीला समोर टेनर क्लेफ येतो. शुमानच्या तिसऱ्या सिंफनीत तर पहिल्या ट्रॉम्बोनला आल्टो क्लेफ. रेजिनाल्ड फिंक यांची टेनर आणि आल्टो क्लेफ शिकवणारी दोन छोटी पुस्तकं जायच्या आधीच्या उन्हाळ्यात घरी संपवता आली, तर पहिलं सत्र निम्मं सोपं होईल.

ऑर्केस्ट्रातले महत्त्वाचे उतारे विकत घेण्याआधी आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या ऑनलाइन संग्रहावर पाहा. मोझार्टच्या रेक्विएममधला टेनर ट्रॉम्बोनचा सोलो, रॉसिनीचा विल्यम टेल, सँ-साँची तिसरी सिंफनी, वाग्नरच्या वाल्किरी यांच्या मूळ पार्ट विनामूल्य मिळतात. सोलो रचना मात्र छापील घ्या. १८३७ ची डेव्हिडची कॉन्चेर्तिनो, १८७७ ची रिम्स्की-कोर्साकोव्हची कॉन्चेर्टो यांपैकी एक बहुधा पहिल्या दोन वर्षांतच वाट्याला येते. पियानोसाथीची प्रत सोबत लागते, आणि साथीदाराचे पैसे वेगळे, तेही अंदाजपत्रकात धरा.

कान आणि ताल

मेट्रोनोम-ट्यूनरसाठी वेगळं यंत्र नको, टोनलएनर्जीसारखं ॲप पुरतं. पण ट्यूनरच्या काट्यावर डोळे लावून सूर सुधारत नाही. त्यासाठी तुमच्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप असेलच. ते ए ४४० हर्ट्झवर ठेवून काळी पाच लावा, तोच बी फ्लॅट. त्यावर रेमिंग्टनचे लांब सूर वाजवा. स्लाइड न हलवता फक्त ओठांनी एकावर एक निघणाऱ्या सुरांना नैसर्गिक स्वरांश म्हणतात. त्यांतला पाचवा, म्हणजे पहिल्या पोझिशनचा वरचा डी, पियानोच्या तुलनेत जवळपास १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरा असतो. तानपुऱ्यावर मात्र तोच गंधार इतका चपखल बसतो की कान लगेच ओळखतो. सातवा स्वरांश ३१ सेंट उतरा, म्हणून वरचा जी दुसऱ्या पोझिशनला घेताना स्लाइड बरीच आत आणावी लागते. पुढे सरकलेल्या किंवा आत ओढलेल्या पोझिशन कानाने ठरवायची सवय लागली की कोणत्याही वाद्यवृंदात तुमचा सूर शेजाऱ्याला त्रास देणार नाही.

कानात घालायचे वादकांसाठीचे प्लग घ्या, सगळे सूर सारखे कमी करणारे. ट्रॉम्बोनवाले बऱ्याचदा तालवाद्यांच्या पुढ्यात बसतात. मोठ्या बोअरच्या वाद्याचं वजन डाव्या हातावर येतं, तळवा दुखत असेल तर आधाराचा कंस बसवून घ्या. दुखणं सोसत राहू नका. बाकी: पेन्सिली, घडीचा स्टँड, ध्वनिमुद्रणाला फोन.

विमानात

अमेरिकन विमान कंपन्यांना २०१२ च्या कायद्याने आणि मार्च २०१५ पासून लागू झालेल्या नियमाने वरच्या कप्प्यात मावणारं, त्या वेळी जागा असेल तर, वाद्य हातातल्या सामानात घेऊ देणं बंधनकारक आहे. इतर देशांच्या कंपन्यांना हा नियम लागत नाही, त्यांना तिकीट काढण्याआधी केसची मापं कळवून लेखी उत्तर घ्या. सामानात द्यायचंच झालं तर कठीण कवचाची केस हवी. स्लाइड वेगळी, कुलूपबंद, बेलच्या आत कपडे भरलेले, आणि माउथपीस, तेलाच्या बाटल्या, म्यूट केसमध्ये मोकळे ठेवायचे नाहीत. तेच आत खडखडत पोचे पाडतात.

घरून वाद्य घेऊन निघत असाल तर मुंबई किंवा गोव्याच्या विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, त्यावर वाद्याचा अनुक्रमांक लिहून घ्या. सुट्टीत परत येताना तेच वाद्य नव्याने आणलेलं धरून शुल्क मागायचा प्रसंग येत नाही. यासाठी नेहमीपेक्षा तासभर लवकर पोचा. तिथे घेतलेल्या वाद्याची पावती आणि विम्याची कागदपत्रं येताना जवळ ठेवा, आणि त्यांचे फोटो फोनमध्येही असू द्या.